पाचव्या गटाचं रक्त

सेवंती पावराने बहिणीचा फोन उचलला तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते. तिच्यासमोरच्या पडद्यावर अठरा हजार सहाशे चाळीस ठिपके पसरलेले होते. प्रत्येक ठिपका म्हणजे सिकलसेलचा एक रुग्ण. त्यातला एक ठिपका याच बहिणीचा, रमिलाचा आहे, हे सेवंतीला माहीत नव्हतं, कारण त्या पडद्यावर नावं दिसत नसत.

रमिलाने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. गावातली आशाताई सकाळी येऊन गेली होती, उपचाराची यंदाची यादी आली होती, यादीत याही वर्षी तिचं नाव नव्हतं.

"पाचवा गट म्हणजे काय?" रमिला म्हणाली. "आशा म्हणते, पाचव्या गटाला उपचार सोसत नाही. रक्तच तसं आहे म्हणते. हे कोण ठरवतं?"

ठरवणारं यंत्र सेवंतीने बांधलं होतं.

त्या यंत्राला 'गटवेध' म्हणत. ते बांधायची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं. दोन हजार चाळीस साली राज्याने सिकलसेलवरचा जनुक-उपचार सरकारी दवाखान्यात सुरू केला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढायच्या, त्यांच्यातलं चुकीचं जनुक दुरुस्त करायचं आणि त्या परत शरीरात सोडायच्या. मात्र त्याआधी जहाल औषधं देऊन जुनी मज्जा रिकामी करावी लागे. ते सगळ्यांना झेपत नसे, आणि वर्षाला सहाशेच माणसांची सोय होती. आधी कोणाला घ्यायचं, हे डॉक्टरांच्या ओळखीवर किंवा आमदाराच्या चिठ्ठीवर सोडायचं नाही, असं राज्याच्या या मोहिमेने ठरवलं. सेवंतीला ते पटलं होतं. म्हणून तर तिने ही नोकरी धरली होती.

गटवेध प्रत्येकाच्या रक्ताची एकेचाळीस मोजमापं घेई. एकेचाळीस मोजमापं म्हणजे एकेचाळीस दिशा असलेल्या अवकाशातला एक बिंदू. आपल्याला तीनच दिशा कल्पिता येतात, पण गणिताला तशी अडचण नसते. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं आणि जे जवळजवळ आहेत त्यांना एका गटात घालायचं. कोणाला काय झालंय, कोण कुठला, हे यंत्राला सांगितलेलं नसतं. त्याला फक्त गट किती हवेत एवढं सांगावं लागतं. सेवंतीने तीनपासून नऊपर्यंत सगळे करून पाहिले होते. पाच गट केले की ते एकमेकांपासून सर्वांत स्वच्छ सुटत, आणि त्यातही पाचवा गट तर इतका वेगळा पडे की मोहिमेचे संचालक डॉ. मिलिंद कारखानीस तो पाहून खूश झाले होते. या गटातल्या लोकांच्या तांबड्या पेशी फुगलेल्या होत्या. पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं विकर त्यांच्यात दुपटीने होतं, पोटॅशियमही चढलेलं. डॉक्टरांच्या समितीने अर्थ लावला की यांच्या पेशी फार वेगाने फुटतात, मूत्रपिंडं धोक्यात असणार, जहाल औषधं यांना मारतील. गटाला नाव दिलं गेलं 'उपचार-असह्य'. त्यात दोन हजार चारशे ऐंशी माणसं होती. दोन वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही उपचार मिळाला नव्हता, त्यामुळे समितीचा अंदाज चुकला असं दिसण्याचीही सोय नव्हती.

सेवंतीने फोनवर यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. रमिला ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तू." आणि तिने फोन ठेवला.

रमिला तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. सातपुड्यात नर्मदेच्या अंगाला सातकुंडी नावाचं गाव आहे, तिथे ती अंगणवाडी सेविका होती. आई गेल्यावर सेवंतीला तिनेच वाढवलं. सांधे ठणकत असले तरी पाठुंगळी घेऊन तिने तिला आश्रमशाळेत नेऊन घातलं होतं. सुट्टीत घरी आलेली सेवंती रडू लागली की ती तिला परतही तशीच नेई. स्वतः बाहेरून दहावी झाली. लग्न तिने केलं नाही.

आपल्या माणसाची फाइल उघडायला मनाई होती. सेवंतीने ती त्याच दुपारी उघडली.

गटवेधच्या पडद्यावर खरे आकडे कधी दिसत नसत. प्रत्येक मोजमाप सरासरीच्या किती वर, किती खाली एवढंच दिसे, कारण तुलनेला ते सोयीचं पडतं. रमिलाच्या फाइलमध्ये मात्र मूळ अहवाल होता. सेवंतीने तो वरून खाली वाचला. विकर चढलेलं, पोटॅशियम चढलेलं, हे तिला अपेक्षितच होतं. मग तिची नजर साखरेवर गेली. चौतीस.

ती खुर्चीत पुढे सरकली. सिकलसेलमध्ये साखरेकडे कोणी फारसं पाहत नाही, नेहमीच्या तपासणीत येते म्हणून ती एकेचाळिसात होती. पण रक्तात चौतीस साखर असलेला माणूस उभा राहू शकत नाही. त्याला घाम फुटतो, जीभ अडखळते, तो कोसळतो. तिने तारीख पाहिली, ती दोन वर्षांपूर्वीची होती, आणि बहिणीला पुन्हा फोन लावला. तिसऱ्यांदा रमिलाने उचलला.

सेवंतीने विचारलं, रक्त दिलं त्या दिवशी तू कशी होतीस? चक्कर आली होती? पडली होतीस?

रमिला चिडून म्हणाली की पडायला काय झालं होतं, त्या दिवशी पोषण आहाराचं पोतं नदीवरून वर आणायचं होतं, मदतनीस आली नव्हती म्हणून तिने एकटीने दोन खेपांत ते आणलं.

सेवंतीने फोन ठेवला आणि पाचव्या गटातल्या सगळ्यांची साखर काढली. अडतीस. एकतीस. बेचाळीस. सव्वीस. या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर अडीच हजार बेशुद्ध माणसं डोंगर चढत होती, लाकडं फोडत होती.

शरीराबाहेर काढलेलं रक्त लगेच मरत नाही. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. त्या नळीतली साखर खात राहतात. तासागणिक साखर उतरत जाते. साखर संपत आली की पेशी दमतात, फुगतात, त्यांच्या भिंती गळू लागतात आणि आतलं पोटॅशियम आणि विकर बाहेर येतं. म्हणजे उशिरा तपासलेलं कोणाचंही रक्त, अगदी धडधाकट माणसाचंही, हळूहळू पाचव्या गटाच्या दिशेने सरकत जातं.

रक्त घेतल्याची वेळ आणि प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ अशा दोन वेळा प्रत्येक नळीच्या नोंदीत होत्या. मूळ तक्त्यात त्यांचे दोन रकाने होते. ते गटवेधच्या तक्त्यात नव्हते, कारण वेळ हा काही रुग्णाचा गुण नव्हे. ते रकाने कामाच्या पहिल्याच आठवड्यात सेवंतीने स्वतःच्या हाताने काढून टाकले होते.

तिने ते जुन्या तक्त्यातून परत आणले, दोन्ही वेळांतलं अंतर काढलं आणि तेवढ्यावरून ठिपके रंगवले. अकरा तासांपेक्षा जास्त प्रवास केलेल्या नळ्यांना लाल रंग दिला. पडदा भरला तसा पाचवा गट कोपऱ्यात एकटा लालभडक झाला. दोन हजार चारशे ऐंशीपैकी दोन हजार तीनशे सोळा. तो गट रक्ताचा नव्हताच. तो रस्त्याचा होता. मोटारसायकल, मग लाँच, मग जीप, मग प्रयोगशाळेची गाडी. जिथून नळी यायला चौदा तास लागतात, त्या गावांचा तो नकाशा होता. त्यालाच कोणीतरी आजार म्हटलं होतं आणि तिने खाली सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखानीसांच्या खोलीत गेली. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला. ते हुशार होते, त्यांना समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सहा तासांहून जुनं रक्त टाकून द्यावं असा नियम मुळात होता, हे त्यांनीच सांगितलं. पण तो पाळला असता तर डोंगरातून एकही नोंद झाली नसती आणि मोहीम फक्त शहरांची ठरली असती. म्हणून नियम सैल केला. निदान नोंद झाली, हेही काही कमी नव्हतं.

मग त्यांनी चष्मा काढला आणि समजावणीच्या सुरात बोलू लागले. बाकीचे चार गट बरोबर आहेत. बाराशे लोकांना उपचार मिळाला, त्यातले अकराशेहून जास्त बरे आहेत. आता आपणच उठून गटवेध चुकला म्हटलं तर कोणीतरी कोर्टात जाईल, सगळंच बंद पडेल, आणि पुढचे सहाशे लोक आपल्या हाताने मारल्यासारखं होईल. दुरुस्ती करूच, पण पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत, गाजावाजा न करता.

"तुमच्या बहिणीचं मला कळलं," ते म्हणाले. "फाइल तुम्ही उघडलीत, ते मी पाहिलं नाही असं समजा. त्यांना इथे घेऊन या. इथे रक्त घेऊ, अर्ध्या तासात तपासू. त्या यादीत येतील."

ते वाईट हेतूने बोलत नव्हते, आणि त्याचाच सेवंतीला जास्त राग आला. त्यांच्या आवाजात खरोखरची माया होती.

"आणि बाकीचे दोन हजार चारशे एकोणऐंशी?" तिने विचारलं.

त्यांनी चष्मा परत लावला. तिने रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि आलेख उचलून बाहेर पडली.

सातकुंडीला पोचायला तिला दीड दिवस लागला. लाँचमधून उतरताना तिने सवयीने घड्याळ पाहिलं आणि स्वतःवरच चिडली.

रमिला अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती. खोलीत पाच पोरं खेळत होती. पूर्वी अठरा असत. पहिली यादी लागल्यापासून गावात 'पाचवाली' हा शब्द शिवीसारखा फिरत होता. वरच्या पाड्यावरच्या एकीला सासूने माहेरी धाडलं होतं, पाचवालीची पोरं जगत नाहीत म्हणून. काही आया रमिलाच्या हातचा आहार पोरांना घेऊ देत नव्हत्या. इतकी वर्षं सिकलसेल म्हणजे अंगात दुखणं असा साधा हिशोब होता. आता सरकारी कागदाने रक्तालाच जात दिली होती.

सेवंतीने सगळं सांगितलं. नळ्या, तास, साखर. संचालकांनी काय देऊ केलंय तेही सांगितलं, आणि सांगताना आपल्या आवाजात आशा आली हे तिला जाणवलं. उद्या निघालो तर परवा पुण्यात, असं ती म्हणाली.

रमिलाने तो भाग ऐकलाच नसावा. ती एवढंच म्हणाली, "ते वेळेचे रकाने कोणी काढले?"

"मी."

रमिला उठली. कंबरेत कळ आली म्हणून चौकटीला धरून क्षणभर थांबली, मग आत गेली आणि पोरांच्या वजनाची वही घेऊन आली. ती तिने सेवंतीच्या मांडीवर टाकली.

"उघड. पोराचं वजन लिहिलं की शेजारी लिहावं लागतं, कपड्यांसकट की कपड्यांशिवाय. जेवायच्या आधी की नंतर. मी बाहेरून दहावी. मला हे कळतं. तुला एवढं शिकवलं ते कशाला?"

सेवंतीने पान उलटलं. वहीत खरोखरच प्रत्येक आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

"आमच्या चार पाड्यांत पाचवे त्रेसष्ट आहेत," रमिला म्हणाली. "बहात्तर होते. नऊ गेले. मी तुझ्याबरोबर गुपचूप पुण्याला गेले तर परत येऊन यांच्या दारावरून चालू कशी?"

दोघी त्या संध्याकाळी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. भाकऱ्या थापताना रमिलाने विचारलं की चूक दाखवायची झाली तर कशी दाखवतात. सेवंती म्हणाली, आलेख आहे, पण ते म्हणतील की दूरच्या गावांत आजारच जास्त असेल, त्यात रस्त्याचा काय दोष. त्याला तोड एकच. माणूस तोच, वेळ तीच, हात तोच आणि नळ्या दोन. एक इथेच तपासायची, दुसरी नेहमीच्या रस्त्याने पाठवायची.

"मग पाठव," रमिला म्हणाली.

समितीत डॉ. नसरीन मुजावर नावाच्या रक्तविकारतज्ज्ञ होत्या. वय सत्तरीच्या पुढे, मिरजेच्या, समितीतल्या सगळ्यांत जुन्या. पाचव्या गटाच्या नावाला विरोध करून त्या एकट्या पडल्या होत्या, आणि नंतर त्यांनी बैठकांना येणंच जवळजवळ सोडलं होतं. सेवंतीने त्यांना फोनवर साखरेचे आकडे वाचून दाखवले. मुजावर बाईंनी दहा-बारा ऐकले आणि मध्येच थांबवलं. आठव्या दिवशी त्या सुटकेसएवढं तपासणी यंत्र आणि एक तंत्रज्ञ मुलगी घेऊन लाँचमधून उतरल्या. पहिली पंधरा मिनिटं त्या स्वतःलाच शिव्या देत होत्या. समितीत बसून हे आकडे आपण मागून घेतले नाहीत, सरासरीच्या वरखाली असल्या रेघा पाहून माना डोलावल्या, हे त्यांनी रमिलासमोर सेवंतीला ऐकवलं, आणि रमिलाने त्यांना अडवलं नाही.

रमिलाने चारही पाडे पायी पालथे घातले. प्रत्येक घरात तिने सांगितलं की यातून उपचार मिळेलच असं नाही, पण आपलं रक्त खराब आहे की त्यांचा रस्ता, हे ठरेल. दोन नळ्या कशासाठी आणि कुठे जाणार हे समजावून तिने सह्या आणि अंगठे घेतले. त्रेसष्टपैकी त्रेसष्ट आले. सासूने धाडलेली ती मुलगीही आली आणि रांगेत सर्वांत पुढे उभी राहिली.

एका सुईतून दोन नळ्या. एक अंगणवाडीतल्या यंत्रात. दुसरी नेहमीच्या डब्यात, नेहमीच्या मोटारसायकलवर, नेहमीच्या लाँचमधून. काहीही वेगळं करायचं नाही, घाईही नाही आणि उशीरही नाही, असं सेवंतीने वाहकाला बजावलं होतं. नळ्या पंधरा तासांनी प्रयोगशाळेत पोचल्या.

निकाल आले तेव्हा सेवंतीने दोन्ही संच गटवेधला दिले. रस्त्याने गेलेल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट नळ्या पाचव्या गटात पडल्या. अंगणवाडीत तपासलेल्या त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न पहिल्या चार गटांत विखुरल्या. उरलेल्या पाच कुठल्याच गटाच्या जवळ नव्हत्या. त्यात साखर ठीक होती, पोटॅशियम थोडं जास्त आणि मूत्रपिंडाचा आकडा तिप्पट होता. हा आकडा गटवेधच्या एकेचाळिसात नव्हता, मुजावर बाईंनी तो वेगळा काढला होता, आणि रस्त्याने तो फारसा बदलत नाही. ही माणसं खरोखरच जहाल औषधं सोसण्याच्या पलीकडे गेली होती.

त्या पाचांतलं चौथं नाव रमिला पावरा होतं.

सांगितलं मुजावर बाईंनी. त्यांनी काही लपवलं नाही. मूत्रपिंडं दोन-तृतीयांश गेली आहेत, आता हा उपचार देता येणार नाही, दुखणं कमी करता येईल, औषधं आहेत, त्या स्वतः पाहतील. सेवंती भिंतीला टेकून उभी होती. रमिला शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "दोन वर्षांपूर्वी ती कशी होती?"

मुजावर बाईंनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वीच्या नळीची तेवढी तपासणी झालीच नव्हती. यंत्राने पाचवा गट म्हटल्यावर पुढच्या तपासण्या करायच्या नाहीत असा नियम होता. आणि नळी केव्हाच नष्ट झाली होती. तेव्हा रमिला कुठल्या गटात होती, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

रमिला म्हणाली, "मग हे लिहून द्या. कळणार नाही, असं लिहून द्या मला."

त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं. रमिलाने तो कागद घडी करून ठेवला. त्या रात्री ती रडली की नाही, हे सेवंतीला माहीत नाही. सकाळी ती नेहमीसारखी अंगणवाडी झाडत होती, आणि झाडूचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा येत होता.

आढावा बैठक पुण्यात महिन्याभराने झाली. कारखानीसांनी सुरुवातीलाच सांगितलं की हे नमुने परवानगीशिवाय घेतले आहेत, सबब ते चर्चेला घेता येत नाहीत, आणि श्रीमती पावरा यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली आहे. सेवंतीला बोलू देण्यात आलं नाही. मग मुजावर बाई उठल्या. त्यांनी दोन अहवाल शेजारी शेजारी पडद्यावर लावले.

"हा एकच माणूस आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी अकरा वाजता तो दुसऱ्या गटात होता. मंगळवारी पहाटे दोन वाजता पाचव्या. मधल्या वेळात तो जेवला आणि झोपला. त्याचं रक्त मात्र लाँचमधून गेलं. असे माझ्याकडे अठ्ठावन्न आहेत. मी सगळे वाचणार आहे."

आणि त्या खरोखरच वाचू लागल्या. नाव, वय, पाडा, सोमवारचा गट, मंगळवारचा गट. अकराव्या नावाला आरोग्य खात्याच्या सचिव बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सतराव्या नावाला कारखानीस म्हणाले की मुद्दा लक्षात आला आहे. मुजावर बाईंनी अठरावं नाव वाचलं. अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठता आलं नाही.

पाचवा गट रद्द झाला. त्याला अकरा महिने लागले. डोंगरी तालुक्यांत तपासणीच्या गाड्या गेल्या, सहा तासांचा नियम परत आला, दोन हजारांहून जास्त माणसं नव्याने तपासली गेली आणि त्यातली पावणेचारशे पहिल्याच वर्षाच्या यादीत आली. सातकुंडीची पहिली खेप चौघांची होती. सेवंतीवरची कारवाई मागे घेऊन तिला बढती देऊ केली गेली. कारखानीस बदलून गेले, वरच्या जागेवर. मोहिमेच्या वार्षिक अहवालात या सगळ्यावर दीड ओळ होती. 'नमुन्यांच्या गुणवत्तेतील त्रुटी निदर्शनास आल्याने वर्गीकरणात सुधारणा करण्यात आली.'

सेवंतीने ती दीड ओळ वाचली आणि बढतीच्या कागदावर सही करायच्या आधी एक अट घातली. पाचव्या गटात असताना दोनशे बारा माणसं मेली होती. त्यांची नोंद 'आजाराचा स्वाभाविक क्रम' अशी होती. ती नोंद बदला, आणि प्रत्येकाच्या घरी पत्र पाठवा. कचेरीतल्या लोकांना हे विचित्र वाटलं. मेलेल्या माणसाचा गट बदलून काय होणार, असं एकाने खरंच विचारलं. पण वर्तमानपत्रांचं लक्ष होतं, म्हणून पत्रं निघाली. चार ओळींची, छापील.

सातकुंडीच्या आसपासची दहा पत्रं रमिलाच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर आली. ती वाटायला ती स्वतः निघाली. तोवर तिच्या पायांना सूज राहू लागली होती, दर दोन-तीन घरांनंतर बसावं लागे. सेवंती म्हणाली, मी एकटी जाऊन देते. रमिला म्हणाली, तू बरोबर ये, पण पत्र मी देणार.

सातवं घर तेरसिंगचं होतं. त्याची सुरमी नावाची मुलगी एकोणीस वर्षांची असताना छातीत रक्त अडकून गेली होती. तो खाटेवर दोरी वळत बसला होता. वाचता येत नसल्याने त्याने रमिलालाच वाचायला सांगितलं. रमिलाने वाचून दाखवलं. त्याने मराठी ऐकलं, पण हात थांबवले नाहीत.

"मग सुरमी कुठल्या गटात होती?" त्याने विचारलं.

"कळणार नाही आता," रमिला म्हणाली.

"हे लिहिलं कोणी? त्याला आण. कागद काय पाठवतो."

"लिहिणारी आली आहे," रमिला म्हणाली, आणि बाजूला झाली.

सेवंती अंगणात उभी होती. तेरसिंगने दोरी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. तो ओरडला नाही. त्याने तिला बसायलाही सांगितलं नाही. "आपल्या बोलीत सांग," तो म्हणाला.

तिने पत्र हातात घेतलं. पहिली ओळ पावरीत सांगता आली, कारण त्यात नाव आणि तारीख होती. दुसऱ्या ओळीत 'नमुन्याच्या गुणवत्तेतील त्रुटी' होती. ती अडली. त्या शब्दांना तिच्या बोलीत काही नव्हतं. नमुना म्हणजे रक्त, एवढं सांगता येत होतं. गुणवत्ता नव्हती. त्रुटी नव्हती. 'निदर्शनास आली' तर मुळीच नव्हतं, कारण पावरीत एखादी गोष्ट आपोआप दिसून येत नाही, ती कोणीतरी केलेली असते आणि कोणीतरी पाहिलेली असते.

तिने कागद खाली केला.

"सुरमीचं रक्त चांगलं होतं की वाईट ते आम्ही पाहिलंच नाही," ती म्हणाली. "ते वाटेत सडलं. सडलेलं रक्त पाहून आम्ही तिला नाही म्हणालो. किती वेळ वाटेत होतं, ते लिहिलेलं होतं. ते मी काढून टाकलं."

रमिला कुडाला धरून उभी होती. शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर येऊन थांबल्या होत्या. तेरसिंगने त्यांना हात करून जवळ बोलावलं, मागे उभ्या असलेल्या आपल्या बायकोलाही पुढे यायला सांगितलं, आणि सगळे जमल्यावर तो सेवंतीकडे वळला.

"आता पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.